तळाच्या पुडातली चिठ्ठी

चार बायकांत बसून आपलं दुखणं सांगायचं हे मला कधी जमलं नाही. ऑफिसात इतकी वर्षं टेबल सांभाळलं, पण मधल्या सुट्टीत बायकांची सासरची गाऱ्हाणी सुरू झाली की मी खुशाल फाइल उघडून बसायची. तेव्हा नांदेडच्या त्या शनिवारच्या गटात मी हौसेनं गेले असं कुणी समजू नये. मला डॉक्टरनं धाडलं. दवाखान्यात नेलं होतं मायला, आणि बीपी वाढलेलं निघालं माझं.

"तुम्ही कुणाशी बोलता का?" डॉक्टरनं विचारलं.

"मायशी बोलते की. दिवसभर तेच तर करून राहिले."

तो हसला नाही. त्यानं एका कागदावर विहारामागच्या हॉलचा पत्ता लिहून दिला. घरात विसर पडलेलं माणूस सांभाळणाऱ्या बायका तिथं दर शनिवारी दुपारी जमतात, म्हणाला. मी कागद पर्समध्ये टाकला आणि दोन महिने विसरून गेले. विसरायचं काम काय एकट्या मायनंच करायचं?

माय अठ्ठ्याहत्तरची. बाबा गेल्यावर मी तिला मुखेडहून नांदेडला आणलं. आधी ती चुलीवरचं विसरायला लागली, मग वार, मग माणसं. तिच्यासाठी मी मुदतीआधी नोकरी सोडली. नवरा भोकरला असतो, शुक्रवारी संध्याकाळी येतो. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच, आणि त्यातल्या एकीला दुसरी कोण हे ठाऊक नाही. ती मला 'बाई' म्हणते. अहोजाहो करते. पोटच्या पोरीला.

रोज दुपारी चार वाजले की ती दुसरं लुगडं फडक्यात बांधते आणि गाठोडं मांडीवर घेऊन दारात बसते. "बाई, मला घरी न्या. लई येळ झाला." एकदा मी खरंच नेलं, गाडी करून, मुखेडला. कुलूप काढलं, तिला तिच्याच ओसरीवर बसवलं. तिनं इकडंतिकडं बघितलं, गाठोडं छातीशी धरलं आणि म्हणाली, "आता मला घरी न्या." मी परतीच्या वाटेवर खिडकीकडं तोंड करून बसले.

आणि मग तो वैशाखातला दिवस. लाइट गेलेली, अंगाची काहिली, आणि हिचं चारपासून एकच. मला घरी न्या, मला घरी न्या. माझं डोकं फिरलं. मी तिच्या मांडीवरचं गाठोडं ओढलं आणि भिरकावून दिलं. "मी पण म्हणाले होते ना, मला घरी न्या? तेव्हा नेलं होतंस का?"

ती हळूच उठली, लुगडं गोळा केलं, पुन्हा घडी घालायला लागली. म्हणाली, "चुकलं माहं, बाई." काय चुकलं ते तिला ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यातल्या शनिवारी नवऱ्याला मायजवळ बसवलं आणि मी त्या हॉलची पायरी चढले.

ते माझ्या तोंडून आलं ते काही उगाच नव्हतं. सतरा वर्षांची असताना मी लातूरहून तिला निरोप धाडला होता, मला घेऊन जा म्हणून. तिनं तो निरोप परत पाठवला होता. तेव्हापासून माझ्या मनात तिच्याविषयी अढी. एकदा तिला समोर बसवून विचारायचं होतं, का केलंस असं? विचारू, विचारू म्हणता म्हणता तिच्याजवळ उत्तरच उरलं नाही. हीच ती सल. बीपीबीपी सगळं नंतरचं.

गटात सात-आठ जणी. चालवणाऱ्या निवृत्त नर्स, त्यांना सगळ्या सिस्टर म्हणतात. त्यांचा नवरा त्यांना अजून वॉर्डातली सिस्टरच समजतो आणि सुट्टी कधी मिळेल विचारतो. आणि एक मावशी. हिमायतनगरकडची, घरची शेती असलेली, आता सासूच्या आजारपणापायी मुलाकडं नांदेडात राहिलेली. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण जिभेला धार अशी की वकिलानं ऐकावं. सतरंजी अंथरायची, आधी सगळ्यांनी आणलेलं खायचं आणि मग बोलायचं, असा तिथला नेम.

पहिल्या दिवशी मी माझा डबा घेऊन भिंतीकडच्या बाजूला बसले. ती सवय फार जुनी आहे. मावशीनं बघितलं आणि बसल्या जागेवरून हात लांब करून माझा डबाच ओढून मधे घेतला. "एकटीनं काय खाऊन राहिल्या? इकडं सरका." मला राग आला. सरकले मात्र.

तीनचार शनिवार मी नुसती ऐकत होते. घरी सांगता येत नाही असं तिथं बायका बोलायच्या. एकीनं सांगितलं, सासरा मेलेला बरा असं मनात येतं. कुणी तिला 'असं बोलू नये' म्हटलं नाही. दुसरीनं तिच्या ताटात वांग्याची भाजी वाढली. मला ते बरं वाटलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग एका शनिवारी सिस्टर म्हणाल्या, "घरातलं माणूस आपल्याला विसरलं. ते काही आपल्या हातात नाही. पण आपण तरी आपल्याला ओळखतो का? पुढच्या वेळी प्रत्येकीनं सोळा-सतराव्या वर्षाची एक वस्तू आणा."

मी मनात म्हटलं, झालं, आता ही नाटकं सुरू.

घरी येऊन शोधलं तर माझं असं काही निघेना. फोटो नाही, वही नाही. माळ्यावर फक्त तो डबा होता. स्टीलचा, तीन पुडाचा, झाकणावर लाल ऑइलपेंटनं 'मुखेड – लातूर' लिहिलेलं. मायनं मुखेडहून येताना स्वतःच्या लुगड्यांत गुंडाळून आणला होता. मी बघितल्याबरोबर माळ्यावर फेकला होता. आता खाली काढून पुसून घेतला.

त्या शनिवारी कुणी रिबिनी आणल्या होत्या, कुणी पैंजण, सिस्टरांनी नर्सिंगची पहिली टोपी. मावशी रिकाम्या हातानं आली. "चौदाव्या वर्षी माहं लगीन झालं. सोळाव्याला माह्याकडं पोरगी होती. ती आता पुण्याला हाय. तिला कुठून आनू?" सगळ्या हसल्या, मावशी पण. मग माझा नंबर आला. मी डबा सतरंजीवर ठेवला आणि दोन वाक्यांत उरकायचं ठरवलं. उरकलं नाही.

बाबा मुखेडच्या शाळेत शिपाई. दहावीला मी शाळेत पहिली आले आणि हेडमास्तरनं बाबांच्या डोक्यात घातलं, पोरीला लातूरला ठेवा, डॉक्टर होईल. लातूरला एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघी मुली एका खोलीत. पहिल्या दिवशी गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग एक जण म्हणाली, "अस्सं." बास. वाईट कुणी बोललं नाही, उगाच कशाला खोटं सांगू. जेवताना तिघींची चटई टाकली जायची आणि तिच्यावर चौथीला जागा पुरायची नाही एवढंच. मी भिंतीकडं तोंड करून जेवायची.

डबा मुखेडहून यायचा, एक दिवसाआड, सकाळच्या एसटीनं. तेव्हा आमच्याकडच्या सगळ्या शिकणाऱ्या पोरापोरींचे डबे असेच यायचे. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग असायची, आपापली निशाणी बघून उचलायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. वरच्या पुडात चिठ्ठी ठेवायची. दोन वह्या पाहिजेत, भाजीत मीठ जास्त झालं, असलं. मुखेडच्या स्टँडवर बाबा डबा उतरवून घ्यायचे, तिथंच झाकण काढून चिठ्ठी वाचायचे आणि मग डबा घरी मायच्या हवाली करायचे. दुसऱ्या डब्यात बाबांची चिठ्ठी यायची. एकच मजकूर नेहमी. मन लावून अभ्यास कर, इकडची काळजी करू नको.

वर्गात सगळं इंग्रजीतून, सगळं डोक्यावरून जायचं. दिवाळीच्या आधी तर मी आठ-आठ दिवस कुणाशी एक शब्द बोलत नव्हते. केस गळायला लागले. बाथरूमचा नळ सोडून आत बसून राहायची, म्हणजे रडलेलं ऐकू जाऊ नये. आणि एका दुपारी मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'बाबा, माय, मला इथं राहवत नाही. मला घेऊन जा. मी दुसरं काही मागणार नाही.' पान डब्यात ठेवलं, डबा गाडीला लावला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. येतील, परवाच्या गाडीनं येतील. मी पेटीसुद्धा भरून ठेवली होती.

परवाच्या गाडीनं डबा आला. वर बाबांची चिठ्ठी, मन लावून अभ्यास कर. मधल्या पुडात वरण. खाली भाकरी, आणि भाकरीच्या शेजारी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. पुडी माझ्याच पानाची. माझंच अक्षर, तेलात भिजून आरपार दिसणारं, आणि 'मला घेऊन जा'च्या बरोबर मधोमध चटणी.

"तोंडात मारल्यासारखं झालं," मी बायकांना म्हणाले. "वाचलं, आणि वर त्यात चटणी बांधून पाठवली. याच्यापेक्षा मोठं उत्तर काय द्यायचं माणसानं? मी पेटी मोकळी केली. पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाही. दिवाळीला घरी गेले तेव्हाही नाही. डॉक्टर तर झालेच नाही, कशीबशी बीएस्सी केली आणि ऑफिसात चिकटले. त्या दिवसापासून मायच्या हातची चटणी मी तोंडात घातली नाही. ती सगळ्या गल्लीला सांगायची, पोरीला लातूरचं पाणी लागलं, चटणी खाईना. आणि मी मनात म्हणायची, बघा, कशी साळसूद."

सिस्टरनं पाणी पुढं केलं. मला वाटलं, झालं माझं. तेवढ्यात मावशीनं डबा जवळ ओढला, कडी काढली आणि तिन्ही पूड सतरंजीवर ओळीनं मांडली.

"बाई, एक सांगा. कागद कोन्या पुडात ठिवलता?"

"खालच्या."

"कामून? चिठ्ठी तर वरच्यात ऱ्हायची म्हनल्या."

"वरच्यात ठेवली असती तर बाबांनी स्टँडवर चारचौघांत वाचली असती. त्यांना रडू आवरायचं नाही. घरी जाऊन वाचावी म्हणून खाली ठेवली."

"आन् खालच्यात दर खेपेला काय यायचं?"

"चटणी."

"कशात?"

"कागदात. आमच्या जुन्या वह्यांच्या."

"तो कागद तुमी काय करायच्या? टाकून द्यायच्या?"

कागद टाकायचा नाही, परत धाडायचा, अशी मायची ताकीद होती. चटणी संपली की मी तो पुसायची, घडी घालायची आणि खालच्या पुडात ठेवायची. दर खेपेला.

"मायला वाचता येत होतं?" मावशीनं विचारलं. आवाज आता अगदी हळू होता.

"नाही. बाबांनी वाचून दाखवलं असणार, असं मी धरून चालले."

"मग तिनं काय केलं, सांगू का? जे मी केलं असतं ते. पोरीनं कागद परत धाडला, चांगला हाय, एका बाजूनं लिवलेला हाय. असू द्या. शिकनाऱ्या लेकराच्या कागदावर लिवलेलंच ऱ्हातंय."

बाबांनी वरचा पूड बघितला, त्यात काही नव्हतं. खालचा पूड मायनं बघितला, त्यात कागद होता. दोघांनी आपापलं काम नेमानं केलं. चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं अशा जागी ठेवली होती जिथं ती कुणी वाचणार नव्हतं. सगळ्या शाळेत हुशार म्हणून धाडलेली पोरगी, आणि अक्कल ही एवढी. उभा जन्म गेला आणि ही एवढीशी गोष्ट मला सुचली नाही. सुचायची कशी? रागाला सोपं पडत होतं ना ते.

मी रडले, हे सांगायला लाज नाही. बायकांनी मला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. एकीनं पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. मला त्या वरच्या मजल्यावरची पोरगी दिसत होती, दोन वेण्या घातलेली, भरलेल्या पेटीवर बसलेली. तिला जाऊन एवढंच सांगायचं होतं, की अगं, त्यांना कळलंच नाही गं. पण जाता कुठं येतं? सिस्टर म्हणाल्या, "घरी जा. आईजवळ बसा." उत्तर मिळेल असं त्या म्हणाल्या नाहीत.

घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. माय गाठोडं घेऊन दारात. नवरा बिचारा शेजारी स्टूल टाकून बसलेला. त्याला आत पाठवलं. मग मी एक वेडेपणा केला. वहीचं पान फाडलं, तेच लिहिलं, शब्दाला शब्द, घडी घालून खालच्या पुडात ठेवलं आणि डबा मायपुढं ठेवला.

तिनं डबा बघितला आणि गाठोडं खाली ठेवलं. आजपर्यंत ते तिनं आपणहून कधी खाली ठेवलं नव्हतं. झाकणावरच्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. कडी सराईतपणे काढली. वरचा पूड बघून बाजूला, मधला बाजूला. खालच्यातला कागद उचलला, मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला, उलटसुलट करून बघितला.

"चांगला हाय कागद," ती म्हणाली. "चटनी आना, बाई."

मी उठून बरणी आणली. तिनं अंदाजानं चटणी ओतली, बरोबर मधोमध. चारी कोपरे आत घेतले, दुमडले, खोचले. मला ओळखत नाही, दात घासायचे विसरते, पण पुडीची एक घडी चुकली नाही. एवढ्या वर्षांनी मिळालं मला माझं उत्तर, आणि त्यात कुणाचाच दोष निघेना. दोष तरी निघायचा होता, रागवायला कुणीतरी उरलं असतं.

मला गप्प बसवेना. "माय, त्या कागदावर लिहिलेलं आहे."

"काय लिवलंय?"

"लातूरची पोरगी म्हणते, मला इथं राहवत नाही. मला घेऊन जा."

तिचे हात थांबले. "कुनाची पोरगी?"

"तुझी."

ती भिंतीला धरून उठली. एरवी तिला उठायला फार वेळ लागतो. "मग आत्ता सांगून राहिल्या? इतका येळ कामून न्हाई सांगितलं? लेकरू तिथं रडत बसलं आसंल." चपला पायात सरकवल्या, उलट्या घातल्या, तशीच पायरीपर्यंत गेली. एका हातात पुडी. गाठोडं तिथंच पडून राहिलं. "चला. गाडी किती वाजता हाय?"

मी धावत जाऊन तिला धरलं, पायरीवर बसवलं. तिच्यासमोर उकिडवी बसले. "माय, बघ माझ्याकडं. मीच ती. आले मी घरी."

तिनं माझ्या पांढऱ्या केसांपासून पायांपर्यंत नीट बघितलं. तिला माझी दया आली असावी, आवाज फार मऊ होता. "न्हाई, बाई. तुमी न्हाई. माही लहान हाय. दोन येण्या घालती."

मी तिच्या चपला सरळ केल्या, माझ्याही घातल्या आणि शेजारी बसले. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. दर रिक्षेला ती मान वर करून बघायची. निदान ती चटणी तरी आज खावी, म्हणून मी तिच्या मांडीवरच्या पुडीचा एक कोपरा उलगडला आणि बोट आत घातलं.

मायनं पुडी झटकन पदराखाली घेतली.

"हात लावू नका, बाई. माह्या लेकराचं हाय ते. आल्यावर भूक लागंल तिला."

मी बोट पदराला पुसलं आणि तिच्यासोबत रस्त्याकडं बघत बसले.